बारा सेकंदांचा हेलकावा

हेमांगी रेगेला जहाजांतलं कळतं, हे ठाण्यातल्या निम्म्या निवृत्त मंडळींना ठाऊक होतं. कुठल्या कंपनीच्या 'समुद्रदर्शन' केबिनमधून समुद्राऐवजी लाइफबोटीचं बूड दिसतं, कुठे भारतीय जेवण म्हणजे रोज तेच पिवळं पनीर, कुठे बंदरात उतरायला दीड तास ताटकळावं लागतं, हे सगळं ती दर महिन्याला 'डेकवरून' या आपल्या सदरात लिहायची. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यामुळे तिला तक्ता केल्याशिवाय चैन पडत नसे. जेवण, केबिन, कर्मचारी, करमणूक, स्थिरता. प्रत्येकाला दहापैकी गुण. लोक आधी तक्ता बघायचे, मग तिकिटं काढायचे.

नऊ वर्षांत तिच्या एकोणतीस सफरी झाल्या होत्या आणि प्रत्येक सफरीत शेजारच्या खुर्चीत उपेंद्र होता. उपेंद्र एके काळचा खो-खोपटू. राज्याच्या संघातून खेळलेला. पुढे बँकेत लागला, पण चालण्यातली चपळाई साठीपर्यंत टिकून होती. मग पार्किन्सन्सने त्याचे पाय धरले. हात फारसे कापत नसत. पाय मात्र मध्येच जमिनीला चिकटायचे. बाथरूमच्या उंबऱ्याशी तो पाच-पाच मिनिटं उभा राहायचा, पुढे वाकलेला, मूठ आवळलेली, आणि डोळ्यांत असा काही भाव की हेमांगी तिकडे बघायचं टाळायची.

तरी ती त्याला सफरींना नेत राहिली. जहाजावर लिफ्ट असते, सपाट गालिचे असतात, डॉक्टर हाताशी असतो. घरापेक्षा तिथे सोपं जातं, एवढाच तिचा हिशेब.

दोन हजार त्रेचाळीसच्या जानेवारीत ती दोघं त्रिसागर कंपनीच्या 'रेवती'वर होती. अंदमानची सफर. रेवती म्हणजे जुनं, चारशे प्रवाशांचं जहाज. गालिच्यांना कुबट वास, नळ ठिबकणारे, उपमा रबरासारखा. पहिल्याच दिवशी हेमांगीने मनातल्या मनात गुण कापायला सुरुवात केली होती. दुसऱ्या रात्री जहाज हलू लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा होता.

ती धडपडत उठली. बाथरूममध्ये कोणी नव्हतं. दार उघडून बाहेर धावणार, तोच बोळाच्या टोकाकडून उपेंद्र येताना दिसला. दोन्ही हातांत चहाचे कप. तो चालत होता. घसटत नव्हता, भिंत धरत नव्हता, चक्क चालत होता. डावा पाय, उजवा पाय, अंगाला जहाजासारखाच हलका डौल.

"अर्धा सांडला," तो म्हणाला, "पण मीच आणला."

हेमांगीने कप घेतले आणि खाली ठेवायला जागा सुचेना म्हणून तशीच उभी राहिली.

"काय झालं रे? कसं काय?"

"मला काय माहीत? उठलो, आणि कोणीतरी पाठीवर खो दिला गं. पुन्हा पुन्हा."

जहाजाचे डॉक्टर मिनेझिस मडगावचे होते. त्यांनी उपेंद्रला दवाखान्यासमोरच्या बोळात सहा वेळा येरझारा घालायला लावल्या, मग त्याच्या कानामागची टिकली काढायला सांगितली. टिकली काढली आणि सातव्या फेरीच्या दुसऱ्या पावलाला उपेंद्र जागच्या जागी थिजला. टिकली लावली, तो पुन्हा चालू लागला.

त्या वर्षापासून सगळ्याच क्रूझ कंपन्या प्रवाशांना या टिकल्या देऊ लागल्या होत्या. बोट लागू नये म्हणून. नखाएवढी चकती, दोन्ही कानांमागे एकेक. ज्यांना पूर्वी उलट्यांनी हैराण व्हायला होत असे, ते आता वादळातही बासुंदी खात बसत.

"बघा हेमांगीबाई," डॉक्टर म्हणाले, "कानाच्या आत पाण्याने भरलेल्या तीन बारीक नळ्या असतात. डोकं हललं की ते पाणी हलतं आणि मेंदूला कळतं, आपण कलतोय. जहाजावर गोंधळ असा होतो की कान म्हणतो हललो आणि डोळे म्हणतात केबिन तर स्थिर आहे. मग मेंदू बावचळतो आणि पोट ढवळतं. ही टिकली काय करते? जहाजाच्या तळाला बसवलेली यंत्रं पुढचा हेलकावा अर्धा सेकंद आधी ओळखतात. तेवढ्यात टिकली कानाच्या नसेला अगदी बारीक वीज देऊन सांगते, आता डावीकडे जाणार हं. मेंदू तयार राहतो. बस."

"पण त्याचा पायांशी काय संबंध?"

"चालणं म्हणजे दर पावलाला वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर टाकणं. 'आता टाक' हा हुकूम मेंदूच्या आतून सुटतो. रेगेंच्या मेंदूत तोच सुटत नाही. इथे वजन जहाज ढकलतं, हुकूम टिकली देते. दोन्ही एकाच क्षणी. त्यांचं काम बाहेरून होतंय."

उपेंद्र हे सगळं ऐकत नव्हता. तो बोळात आठवी फेरी घालत होता.

त्या सफरीत तो रोज डेकवर दोन तास चालला. आरामखुर्च्यांच्या रांगेतून नागमोडी पळायचा प्रयत्न केला आणि एका जर्मन बाईच्या सरबतावर आपटला. तिने माफ केलं. रात्री जेवताना तो पाय टेबलाखाली हलवत राहायचा, नवीन बूट घातलेल्या पोरासारखा. चेन्नईला जहाज धक्क्याला लागलं, ते हलायचं थांबलं, आणि शिडी उतरताना तिसऱ्या पायरीवर त्याचे पाय पुन्हा चिकटले.

ठाण्याला घरी आल्यावर हेमांगीने टिकल्यांचा एक संच मागवला. एका हुशार तंत्रज्ञाकडून त्यात रेवतीच्या हेलकाव्यांची नोंद भरून घेतली. उपेंद्र हॉलमध्ये उभा राहिला, तिने टिकली सुरू केली, आणि तो भडाभडा ओकला. कान सांगत होता डावीकडे कललो, आणि तळपाय सांगत होते फरशी तर हललेलीच नाही. खोटं चालत नव्हतं. समुद्रच लागत होता.

मग तिने पुढची सफर काढली. आणि त्याच्या पुढची.

आता ती जहाजांची तुलना वेगळ्याच गोष्टीवरून करू लागली. अरविका कंपनीचं नवं 'लुमेरा' अठरा मजल्यांचं होतं. वर खरी झाडं, खाली बर्फाचं मैदान, जेवणात शेवटच्या दिवशी उकडीचे मोदकसुद्धा. सदरासाठी दहापैकी दहा. पण त्याच्या पोटात मोठाली फिरती चाकं बसवलेली होती, ती हेलकावा उठायच्या आधीच मारून टाकत. सात दिवस उपेंद्र त्या झाडांखाली बाकावर बसून होता. त्याच कंपनीच्या मधल्या आकाराच्या जहाजाचा हेलकावा सतरा सेकंदांचा होता. त्यावर तो चालला, पण पाण्याखाली चालावं तसा, आणि वळणावर अडकला. उत्तरेकडच्या बर्फात जाणाऱ्या एका छोट्या जहाजाचा हेलकावा सात सेकंदांचा. तिथे त्याचे पाय त्याच्याही पुढे धावले. भुवईवर तीन टाके पडले.

रेवतीचा हेलकावा बारा सेकंदांचा होता. डावीकडून उजवीकडे सहा, उजवीकडून डावीकडे सहा, आणि एका खोवर पुढचा येईपर्यंत त्याची चार-पाच पावलं आपसूक पडत. दुसऱ्या कुठल्याच जहाजाला हे जमत नव्हतं. वर्षभरात ती दोघं रेवतीवर सात वेळा गेली.

'डेकवरून'मध्ये हेमांगीने रेवतीला साडेनऊ गुण दिले. वाचक चक्रावले. "बाई, त्या जहाजाच्या उपम्याबद्दल तुम्हीच लिहिलं होतंत ना?" एकाने विचारलं. नवऱ्याच्या पायांबद्दल सदरात लिहायची तिची तयारी नव्हती.

मुलगी ऋजुता नाशिकला दातांची डॉक्टर होती. तिला हे मुळीच पसंत नव्हतं. प्रत्येक सफरीनंतर बाबा आधीपेक्षा खचलेले दिसतात, हे तिने सर्वांत आधी हेरलं. सहाव्या सफरीनंतर उपेंद्रला घरात आठवडाभर उभंच राहता आलं नाही, तेव्हा तीच त्याला डॉ. काणेकरांकडे घेऊन गेली. मेंदूचे डॉक्टर म्हणून त्यांचं मोठं नाव होतं.

काणेकरांनी जुन्या आणि नव्या तपासण्या शेजारी ठेवल्या. "मेंदू आळशी असतो," ते म्हणाले. "जे काम बाहेरून होतंय, ते तो करायचं सोडून देतो. यांच्याकडे 'आता टाक' म्हणणारी थोडी यंत्रणा शिल्लक होती. कण्हत-कुथत का होईना, चालत होती. ती आता जहाजावर अवलंबून राहिली आहे. दर सफरीला आणखी थोडी झिजते."

"म्हणजे जाणं बंद करायचं?" हेमांगीने विचारलं.

"बंद केलंत तर झीज मंदावेल. गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही."

"आणि बंद नाही केलं तर?"

काणेकरांनी चष्मा काढला. "तर समुद्रावर ते चालतील. जमिनीवर नाही. कधीच."

बाहेर आल्यावर ऋजुता गाडीशी थांबली. "आई, आता तरी पुरे. माझ्याकडे या तुम्ही दोघं. तळमजला आहे, माणूस ठेवू, व्यायाम करून घेऊ."

"त्यालाही विचार की," हेमांगी म्हणाली.

उपेंद्र चाकांच्या खुर्चीत होता. त्याने दोघींकडे पाहिलं, मग पार्किंगमधून भराभर चालत जाणाऱ्या एका माणसाकडे पाहिलं.

"ऋजू, मला वर्षातले पन्नास दिवस पाय आहेत," तो म्हणाला. "बाकीच्या दिवसांत मी त्या पन्नासांची वाट बघतो. तू म्हणतेस ते पन्नास सोडून द्यायचे. कशाच्या बदल्यात, ते सांग."

"आमच्या बदल्यात, बाबा," ऋजुता म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

हेमांगी मध्येच उभी राहिली. दोघांचंही खरं होतं. आणि तिच्याही बाबतीत आता एक गोष्ट घडत होती, जी तिने कोणाला सांगितली नव्हती. इतक्या सफरींत टिकली लावून लावून तिलाही जमीन हलल्यासारखी वाटायची. त्या पार्किंगमध्येही, बारा सेकंदांनी एकदा.

त्रिसागरचं पत्र नोव्हेंबरात आलं. नेहमीच्या प्रवाशांना पाठवतात तसं, गोड भाषेत. रेवती एप्रिलमध्ये सेवेतून निवृत्त होत आहे. तिची जागा नवं जहाज घेईल, संपूर्ण हेलकावारहित. शेवटच्या सफरीचं आरक्षण आपल्यासाठी आधी खुलं करत आहोत.

हेमांगीने पहिल्यांदाच सदरात सगळं लिहिलं. उपेंद्रचं नाव, आजार, चहाचे दोन कप, सात सेकंद, सतरा सेकंद, बारा सेकंद. लेख हजारोंनी वाचला. कोल्हापूरहून, इंदूरहून, बेळगावहून माणसांचे फोन आले. माझ्या वडिलांना नेता येईल का, माझ्या बायकोला नेता येईल का. तिने सगळ्यांची नावं लिहून घेतली आणि यादी कंपनीला पाठवली. एक जहाज, एकच जुनं जहाज ठेवा, भरून जाईल, असं कळवलं.

कंपनीच्या एका तरुण अधिकारी बाईंनी स्वतः फोन केला. आवाजात खरोखरची कळकळ होती.

"मॅडम, मी तुमचा लेख वाचून रडले. पण रेवतीचं पोलाद झिजलंय, तिला पुढचा परवाना मिळणार नाही. आणि नवं जहाज हलणारं बांधायला कोणीच तयार नाही. आमच्या पाहणीत शंभरातल्या सत्त्याण्णव प्रवाशांना स्थिर जहाज हवंय."

"ही पाहणी कुणाची घेतली?"

"नेहमी प्रवास करणाऱ्यांची. त्यांची परीक्षणंही धरली होती. तुमचे तक्तेसुद्धा, मॅडम. स्थिरतेचा रकाना आम्ही तुमच्यावरूनच घेतला."

हेमांगीने फोन ठेवला. नऊ वर्षं ती हलणाऱ्या जहाजांचे गुण कापत आली होती. त्या वेळी त्यात चूक काहीच नव्हतं. तिने उपेंद्रला हे सांगितलं नाही. चार दिवसांनी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मीसुद्धा तेच गुण दिले असते गं," आणि मान वळवली.

शेवटची सफर मुंबई ते लक्षद्वीप आणि परत, पाच दिवसांची. या वेळी ऋजुता आली. कोणी तिला आग्रह केला नव्हता. बाबांचं चालणं तिने फक्त फोनवरच्या चित्रफितींत पाहिलं होतं, आणि त्याही पुरत्या पाहिल्या नव्हत्या. "एकदा समोर बघते," एवढंच ती म्हणाली.

पण एप्रिलचा अरबी समुद्र. वारा नाही, लाट नाही, क्षितिजापर्यंत तेल ओतल्यासारखं पाणी. रेवती इस्त्री फिरावी तशी सरळ जात होती. पहिला दिवस उपेंद्र डेकवर खुर्चीत बसून राहिला. बूट घालून, नाड्या घट्ट बांधून. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याने उठायचा प्रयत्न केला, ऋजुताने काखेत हात घातला, आणि तो तसाच अर्धवट वाकलेला थिजला.

"खालीच बस बाबा. असू दे."

"उद्या हलेल," तो म्हणाला. "हिला माहीत नाही, हेमा, सांग तिला. हलते रेवती. चांगली हलते."

"मला माहीत आहे, बाबा."

"तुला नाही माहीत. तू पाहिलेलं नाहीस."

हेमांगी सरळ कॅप्टनकडे गेली. कॅप्टन पिल्लै रेवतीवर अकरा वर्षं होते, तिला ओळखत होते. वाट बदला, असं ती म्हणाली. थोडं दक्षिणेला घ्या, जिथे कुठे लाट असेल तिथे. बोलताना आपण काय मागतोय ते तिला ऐकू येत होतं, तरी ती थांबली नाही.

कॅप्टननी तिला नकाशासमोर बसवलं. "मॅडम, वेळेत परतायचं तर दक्षिणेला जेवढं जाता येईल, तिथवर हेच पाणी आहे. मी इंजिन हलवू शकतो, सुकाणू हलवू शकतो. समुद्र नाही." मग त्यांनी बोटाने नकाशाच्या तळाकडे, पार बर्फाच्या कडेला, एक ठिपका दाखवला. "इथे सात दिवसांपूर्वी मोठं वादळ झालं. त्याची लाट वर येते आहे. पण ती मुंबईला सोमवारी संध्याकाळी पोचेल. आपण सोमवारी सकाळीच धक्क्याला लागतो."

"संध्याकाळपर्यंत थांबता नाही येणार?"

"तीनशे माणसांची विमानं, गाड्या ठरलेल्या आहेत. आणि जहाज दुपारी ताब्यात द्यायचं आहे." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "मलासुद्धा थांबायला आवडलं असतं."

सोमवारी सकाळी किनाऱ्याच्या इमारती धूसर दिसू लागल्या. प्रवासी सामान बाहेर काढत होते. उपेंद्रची खुर्ची मागच्या डेकवर रेलिंगजवळ होती. ऋजुता वीसेक पावलांवर कॉफीच्या टेबलाशी उभी होती, बाबांचं औषध पेल्यात विरघळवत. हेमांगी बॅगांच्या पट्ट्या आवळत होती, आणि आवळता आवळता थांबली.

पायाखाली काहीतरी उचललं गेलं होतं. इतकं हळू की आपल्याच डोक्यातलं आहे असं तिला वाटलं, कारण तिची जमीन हल्ली रोजच हलायची. तिने टेबलावरच्या पेल्याकडे पाहिलं. पेल्यातलं पाणी एका बाजूला चढत होतं.

हे ती कित्येक वर्षं नववीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून शिकवत आली होती. वादळातून सगळ्या लाटा एकदम निघतात, पण लांब लाटा जास्त वेगाने धावतात. मुख्य लाट संध्याकाळी यायची होती. तिच्या कितीतरी तास आधी, बोटभर उंचीच्या आणि अर्धा-अर्धा किलोमीटर लांबीच्या लाटा पुढे येतात. किनाऱ्यावरच्या माणसाला त्या दिसतही नाहीत.

"उपेंद्र," ती म्हणाली, पण त्याला सांगायची गरज नव्हती. त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आधीच टेकलेले होते. कानामागच्या टिकलीला तिच्याही आधी कळलं होतं.

तो उठला. जहाज डावीकडे गेलं, फार हळू, आणि त्याने डावा पाय टाकला. मग इतका वेळ काहीच झालं नाही की हेमांगीने हातातला पट्टा सोडून दिला. मग जहाज उजवीकडे आलं आणि उजवा पाय पडला. हा रेवतीचा नेहमीचा हेलकावा नव्हता. याची लय कितीतरी संथ होती, एका झोक्यात जेमतेम एकच पाऊल. दोन पावलांमध्ये एखादं वाक्य बोलून झालं असतं. पण तो चालत होता, ताठ, दोन्ही हात मोकळे सोडून.

ऋजुताने वर पाहिलं. तिच्या हातातला चमचा पेल्यात पडला.

"आई," ती म्हणाली, "आई, बघ."

"मी बघतेय."

बॅगा ओढणारी माणसं बाजूला झाली. का ते त्यांना ठाऊक नसावं, पण वाट झाली. सात पावलं. आठ. उपेंद्रच्या कपाळावर घाम होता आणि नजर पायांकडे नव्हती, समोर लेकीकडे होती. बारा. ऋजुता दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. पुढे धावावंसं वाटत होतं आणि धावले तर मोडेल अशी भीतीही वाटत होती, हे तिच्या अंगावर दिसत होतं. चौदा. पंधरा.

तेवढ्यात जहाजाने वळण घेतलं. उजव्या हाताला बंदराचा लांबलचक बांध सरकत आला, पाणी हिरवट झालं, आणि डेकखालची हालचाल विरत विरत थांबली.

उपेंद्रचा उजवा पाय टाचेतून उचललेला होता. तो तसाच राहिला.

हेमांगीला वाटलं, आणखी एक. एकच येऊ दे. ती कोणाला म्हणत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. बांधाच्या आत पाणी आरशासारखं होतं. धक्क्यावर लोक दोर घेऊन उभे होते. भोंगा वाजला. उपेंद्रची मूठ आवळली, खांदे पुढे आले, मानेची शीर ताणली, पण पाय हलला नाही. त्याच्या आणि ऋजुताच्या मध्ये चार पावलांची जागा होती.



मग उपेंद्रने मूठ सोडली आणि डोकं वर केलं.

"आता तूच ये, ऋजू," तो म्हणाला.

ती गेली.